बोटीच्या फ्लोअरखालचं पाणी

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका फायबरच्या कारखान्यात गेलो होतो. एरवी तिथे कुलरच्या बॉड्या आणि टाक्या बनतात. अंगणात मात्र चौदा फुटी जुनी मोटरबोट उभी होती. फ्लोअरवर पाय ठेवला की गादीसारखं दबायचं. कारागिराने कडेकडेने ग्राइंडर फिरवून प्लायचा तुकडा उचलला, तर तो चहात बुडवलेल्या पावासारखा हातात आला. खालचा पिवळट फोम त्याने मुठीत दाबला आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बोट आठ महिने पाण्याबाहेर उभी होती. "काका, हे तलावाचं पाणी नाही," तो म्हणाला, "गेल्या पावसाळ्याचं आहे."

हा फोम मुळात बोटीत आला कसा, त्याची गोष्ट फार जुनी नाही. जर्मनीतल्या लेव्हरकुझेनमध्ये ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचं, म्हणजे हा फोम ज्यापासून बनतो त्या प्लास्टिकचं, रसायन शोधलं. १९४२ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या रे ग्रीन यांनी काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) वापरून, म्हणजे आपण ज्याला फायबर म्हणतो त्याची, छोटी बोट बनवली. साचा एकदा झाला की बोटीमागून बोट काढता येते, सुताराची गरज नाही. अडचण एकच. साधी लाकडी होडी पाण्याने भरली तरी काठापर्यंत तरंगत राहते, कारण लाकूड पाण्यापेक्षा हलकं. फायबर पाण्यापेक्षा जड. भरली की सरळ तळाला.

त्यावरचा उपाय म्हणजे फोम. १९५८ मध्ये डिक फिशर यांची बॉस्टन व्हेलर आली. दोन कवचांच्या मध्ये फोम ठासून भरलेली ही बोट करवतीने मधोमध कापली तरी अर्धा भाग माणसासकट तरंगतो, हे दाखवणारे फोटो १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकात छापून आले. जाहिरात म्हणून आजही तिला तोड नाही. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेने नियमच केला की वीस फुटांपेक्षा लहान मोटरबोट पाण्याने भरली तरी तरंगली पाहिजे. मागे आउटबोर्ड इंजिन असेल तर ती आडवी, समतल तरंगली पाहिजे, म्हणजे माणसांना धरून राहता येईल.

कारखान्यांनी सोपी वाट धरली. दोन द्रव मिसळून फ्लोअरखाली ओतायचे. ते पंचवीस-तीस पट फुगतात आणि काही मिनिटांत घट्ट होतात. वर प्लाय, प्लायवर फायबरचा थर. प्लायची खालची बाजू पुष्कळदा कोरीच राहायची. सीट बसवताना त्याच प्लायमध्ये स्क्रूची भोकं पडली. बंद पेशींचा, म्हणजे सुट्या बंद बुडबुड्यांचा, फोम एका रात्रीत पाणी पीत नाही, हे खरं. पण वर्षानुवर्षं साचलेल्या पाण्यात राहिला आणि लाटांचे हादरे खाल्ले की पेशी फुटत जातात. पाणी मागच्या, निचऱ्याच्या बुचाकडे वाहून जावं, तर ती वाट फोमनेच बुजवलेली.

हिशोब साधा आहे. एक घनफूट कोरडा फोम जेमतेम ९०० ग्रॅमचा, आणि तो पाण्यात सुमारे २७ किलो वजन पेलतो. भिजला की तो आधार जातो, वर तेवढंच ओझं तो बोटीवर टाकतो.

आमच्याकडे बोटी उघड्यावर उभ्या राहतात, ताडपत्री असली तर फाटकी. म्हणून इथे पाणी वरून शिरतं. खालून शिरणारं पाणी काय करतं, तेही ग्वाल्हेरला ठाऊक आहे: माधवराव शिंद्यांच्या काळात बांधलेलं तिघरा धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटलं, कारण पायातल्या वालुकाश्मात पाणी झिरपलं होतं. आज त्याच तिघऱ्यावर लोक बोटिंगला जातात.

दुरुस्तीत लोक चुकतात ते थर्मोकोलपाशी. स्वस्त म्हणून त्याचे तुकडे भरतात आणि वरून पॉलिएस्टर रेझिन लावतात. त्यातलं स्टायरीन थर्मोकोल अक्षरशः विरघळवतं. पेट्रोल सांडलं तरी तेच. इपॉक्सी नावाच्या दुसऱ्या रेझिनने ते होत नाही, पण इपॉक्सी महाग. प्लाय घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये. शिक्का आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा आहे का ते पाहावं, आणि कापल्यावर प्रत्येक कडेला, प्रत्येक भोकाला रेझिन पाजावं.

कारागिराने फोम पहाटे ओतायचं ठरवलं. दुपारच्या ४३ अंशांत तो मगातच फुगायला लागतो. एकदम ओतला तर आतली उष्णता त्याला करपवते, नाहीतर फ्लोअरच उचलते, म्हणून थोडाथोडाच ओतला. त्याआधी मात्र त्याने मधोमध, तळाला लागून, पीव्हीसी पाइप उभा चिरून पालथा बसवला. सगळं घट्ट झाल्यावर बोटीचं नाक विटांवर उचललं, पुढून एक तांब्या पाणी सोडलं आणि मागच्या बुचाशी उकिडवा बसून राहिला. चहा येईपर्यंत धार आली होती.