आर्नेम येथील छत्रीदलातील लष्करी पोलीस

ब्रिटनच्या पहिल्या एअरबोर्न डिव्हिजनमधील लष्करी पोलिसांनी सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधील आर्नेमच्या लढाईत बजावलेली कामगिरी आणि त्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आलेला जर्मन बंदिवास. डिव्हिजनची प्रोव्होस्ट कंपनी, म्हणजे लष्करी पोलिसांची तुकडी, कोअर ऑफ मिलिटरी पोलीस या दलाची होती. रस्त्यांवरील वाहतूक, मुख्यालयाची सुरक्षा आणि युद्धकैद्यांचा ताबा ही तिची नेमून दिलेली कामे होत.

नेदरलँड्समधील नद्यांवरचे पूल काबीज करण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी १७ सप्टेंबरला सुरू केलेल्या ‘मार्केट गार्डन’ मोहिमेत ही डिव्हिजन आर्नेमच्या पुलापासून बरीच दूर, शहराच्या पश्चिमेला उतरली. शत्रूचा वेढा आवळत गेला, तेव्हा वाहतूक नियंत्रणाला फारसा अर्थ उरला नाही आणि पोलिसांना पायदळाप्रमाणे लढावे लागले. शहरातील पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचलेली त्यांची एक लहान तुकडी तेथेच शत्रूच्या हाती लागली. ऊस्टरबेक येथील हार्टेनस्टाइन हॉटेलात डिव्हिजनचे मुख्यालय होते. त्याच्या आवारातील टेनिस कोर्टांना जाळीचे कुंपण असल्याने पकडलेले जर्मन सैनिक तेथेच ठेवण्यात आले. त्यांच्याच सैन्याचे तोफगोळे तेथे पडत असत, म्हणून कैद्यांनी कोर्टांवर चर खणले. पहारेकऱ्यांनाही तोच मारा सोसावा लागे. २५ सप्टेंबरच्या रात्री नेडर-ऱ्हाईन नदीपार माघार सुरू झाली, त्या वेळी कैद्यांना सुगावा लागू नये म्हणून हा पहारा चालूच ठेवण्यात आला. सुमारे १०,००० जणांपैकी जेमतेम २,४०० पलीकडे पोहोचले, तर सहा हजारांहून अधिक जण युद्धकैदी झाले.

डॉक्टर व धर्मगुरू यांना आंतरराष्ट्रीय करारान्वये मिळणारे वेगळे संरक्षण लष्करी पोलिसाला नव्हते. तो इतर सैनिकांसारखाच कैदी ठरे. मात्र ब्रिटिश लष्करी पोलीस किमान लान्स कॉर्पोरल (बाहीवर एक फीत असलेला सर्वांत खालचा हुद्दा) असे, आणि १९२९ च्या जिनीव्हा करारानुसार साध्या सैनिकाला मजुरीला लावता येत असले, तरी हुद्देदाराकडून त्याच्या इच्छेविरुद्ध केवळ देखरेखीचेच काम करून घेता येई. बाहीवरच्या एका फितीला छावणीत एवढे मोल होते. अर्थात, युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात कराराची कलमे कागदावरच राहण्याचा संभव अधिक होता.

आर्नेमचे बरेच कैदी मालडब्यांतून जर्मनीतील फालिंगबोस्टेलच्या ‘स्टालाग ११ ब’ या युद्धकैद्यांच्या छावणीत नेण्यात आले. गर्दी, थंडी, पातळ सूप आणि रेडक्रॉसच्या पार्सलांचा तुटवडा यांमुळे तेथील शिस्त पार ढासळली होती. ती तिसऱ्या पॅराशूट बटालियनचे रेजिमेंटल सार्जंट मेजर जॉन लॉर्ड यांनी दाढी, कवायत आणि मृतांचे रीतसर लष्करी दफन यांचा आग्रह धरून पुन्हा बसवली. शिस्त हा पोलिसांचा प्रांत खरा, पण येथे ती एका पायदळी हुद्देदाराच्या अधिकारावर उभी राहिली, हे नोंदवण्याजोगे आहे. १६ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सातव्या आर्मर्ड डिव्हिजनच्या सैनिकांनी छावणी मुक्त केली, तेव्हा फाटकावर त्यांना टापटीप गणवेशातील छत्रीसैनिकांचा पहारा आढळला.