टिचबटण का रुसतं?

सारंगखेड्याच्या यात्रेत मावसभावाने घोडी घेतली आणि तिच्या खोगिराला अडकवायची चामडी पिशवी शिवून देण्याचं मी हौसेने अंगावर घेतलं. शिवण जमली, टिचबटणांनी घोळ केला. आठ बसवली. त्यातली दोन नीट लागली, एकाची टोपी चेपली, एक मिटेना, एक मिटलं ते उघडेना आणि उरलेली तीन अंगठ्याने ढकलली की भिंगरीसारखी फिरायची. धुळ्यात चपला दुरुस्त करणाऱ्या एका बाबांकडे पिशवी नेली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, “हाई ठोकानं काम नही शे भाऊ, बठाडानं काम शे.”

ठोकणं आणि बसवणं यातला फरक कळायला बटण उकलून पाहावं लागतं. त्याचे तुकडे चार. एका पदरावर वरची टोपी आणि आतली वाटी, दुसऱ्या पदरावर बोंड आणि त्याला मागून धरणारा तुकडा. टोपीला पोटात एक पोकळ नळी असते. ती चामड्याच्या भोकातून आरपार येते, तिच्यावर वाटी ठेवायची आणि ठशावर हातोडी मारायची. नळीचं तोंड फुलासारखं उमलतं, बाहेर मुरडतं आणि वाटीला पकडतं. वाटीत बारीक तारेची स्प्रिंग असते. बोंड आत शिरताना ती फाकते आणि बोंडाच्या मानेशी परत मिटते. तो ‘टिच’ आवाज तिचाच.

आता गंमत अशी की धातूच्या दोन उलट स्वभावांवर हे सगळं चालतं. धातू थोडा वाकवला तर सोडल्यावर पूर्ववत होतो. एका मर्यादेपलीकडे वाकवला तर वाकलेलाच राहतो. नळीने ती मर्यादा ओलांडायलाच हवी, स्प्रिंगने कधीच ओलांडता कामा नये. बिघडलेलं बटण हातात घ्या. बहुतेक वेळा मुरडायचं ते पुरतं मुरडलेलं नसतं, नाहीतर परत यायचं ते मुरडून बसलेलं असतं.

माझी फिरणारी तीन बटणं पहिल्या जातीची. चामडं जाड, नळी आखूड. मुरडायला धातूच उरला नव्हता. ठोकण्याआधी चामड्याबाहेर नळी साधारण ३ मिलिमीटर दिसायला हवी. कमी दिसली तर भोकाभोवतीचं चामडं आतल्या बाजूने रापीने तासायचं किंवा लांब नळीचं बटण आणायचं. नळी जास्त लांब असेल तर उलटा त्रास. उमलण्याऐवजी ती मध्येच दुमडते, एका अंगाला कलते, आणि तो सगळा मार वाटीवर जाऊन स्प्रिंग चेपते. न मिटणारं बटण हे असं होतं. त्यावर चामड्याची छोटी चकती मध्ये घालून जाडी वाढवणं हा सोपा उपाय. न उघडणाऱ्या बटणाचं बोंड मात्र माझ्याच हाताने गेलं होतं. ठसा तिरका धरल्याने ते चेपून पसरट झालं आणि मानेपेक्षा डोकं भारी झालं. चेपलेल्या टोपीचं कारण त्याहून साधं. खाली तिच्या फुगीरपणाइतका खोलगट ठसा ठेवायला हवा होता, मी सपाट लोखंड ठेवलं होतं.

भोक नळीच्याच मापाचं हवं. सैल भोकात नळीला कडेचा आधार नसतो, आणि उभा खांब आधाराविना दाबला की तो वाकतो. खाली दगड किंवा लोखंडी ऐरण हवी. लाकडी टेबलावर ठोकलं तर हातोडीची निम्मी मेहनत टेबल हलवण्यातच जाते, मग आपण चिडून जोर वाढवतो. बाबा तीन-चार हलके टोले देत आणि प्रत्येक टोल्यानंतर अंगठ्याने टोपी फिरवून बघत. फिरायची थांबली की हातोडी खाली.

फसलेली नळी सरळ करून पुन्हा वापरायचा मोह होतो. तो आवरा. थंड पितळ मुरडलं की ते कडक होत जातं आणि दुसऱ्या खेपेला तडकतं. जळगावच्या सराफ बाजारातला कुठलाही कारागीर सोन्याची तार ओढताना मधूनमधून ताव देतो तो याचसाठी. तापवलं की कडकपणा जातो. चामड्यात बसलेल्या बटणाला ताव कोण देणार?

तसं हे बटण जन्मापासून चामड्याचं सोयरं. १८८५मध्ये जर्मनीत हेरिबर्ट बाउअरने त्याचं पेटंट घेतलं ते पुरुषांच्या पाटलोणीसाठी, पण पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या ग्रेनोबल गावात आल्बेर-पिएर रेमोंने ते हातमोज्यांसाठी बनवलं. ग्रेनोबल हे चामडी हातमोज्यांचंच गाव.

बाबांनी सगळी बटणं नव्याने बसवून दिली. माझ्या हट्टापायी माझं एक तेवढं ठेवलं. तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावसभावाचा फोन आला, दोन सैल झाली म्हणून. त्याचं निदान तयार होतं: उन्हाने पितळ फुगलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, त्यामुळे संशय रास्त. पण हिशोब मांडून पाहू. पितळ दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात सुमारे १.९ भाग वाढतं. ६ मिलिमीटरची नळी ३० अंशांनी तापली तर ती ०.००३४ मिलिमीटर वाढेल, केसाच्या जाडीचा विसावा भाग म्हणा. पितळ निर्दोष सुटलं. चोर चामडंच. ते हवेतलं पाणी शोषतं आणि सोडतं. कोरड्या उन्हात वाळून आक्रसलं, पातळ झालं, आणि नळीची पकड आहे तिथेच राहिली. म्हणून चामडं दमट असताना बटण बसवू नये.

पोळ्याच्या सुमाराला पुन्हा तक्रार आली. या वेळी एका बटणाची नळीच फाटली होती, उभी चीर. पिशवी तबेल्यात टांगलेली होती हे कळलं आणि मला ब्रिटिशांची काडतुसं आठवली. हिंदुस्थानातल्या त्यांच्या फौजेने पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवली, तर ती न उडवताच तडकायची. ‘मोसमी तडक’ असंच काहीसं नाव त्याला पडलं. उलगडा १९२१च्या सुमाराला नीट झाला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल आणि पितळ थंडपणी ठोकून घडवताना त्यात कोंडलेला ताण. या तिघांपैकी एक काढला की तडक थांबते. काडतुसं हलका ताव देऊन वाचवता आली. बटणाची मुरडलेली नळी म्हणजे कोंडलेला ताणच, आणि बाकीचे दोन तबेल्याने पुरवले.

मग लोखंडी बटण लावू का, असं त्याने विचारलं. चुंबक लावून बघ म्हटलं. चिकटलं तर आत पोलाद, वर नुसता मुलामा. मुलामा उडाला की गंज, आणि बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर गंज उतरला की काळानिळा डाग पडतो. सालीतलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाई होते. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) घालून पूर्वी शाई करत, तीच ही गोष्ट. पितळी बटणाभोवती हिरवा मेणचट थर दिसतो तो वेगळा. चामड्यातल्या तेलाची आम्लं पितळातल्या तांब्याला धरतात. तो फडक्याने पुसला की जातो.

पिशवी आता ओट्यावरच्या खुंटीला असते. माझं पहिल्या आठांतलं ते एक बटण अजून तिच्यावर आहे. ते फिरतं.