सप्तरंगीचे मूळ आणि भातातली साखर

कोकणातल्या आठवडा बाजारात सप्तरंगीचे मूळ घेणाऱ्याला ‘रोज सकाळी उपाशीपोटी काढा घ्या, मधुमेहाची गोळी सुटेल’ हा सल्ला बहुधा फुकट मिळतो. या मुळात गुण आहे. पण तो काम कसा करतो हे पाहिले, तर या सल्ल्यातले ‘उपाशीपोटी’ही टिकत नाही आणि ‘गोळी सुटेल’ही टिकत नाही.

सप्तरंगी, म्हणजे सॅलेशिया चायनेन्सिस, ही किनाऱ्यालगतच्या रानांत वाढणारी वेलवर्गीय वनस्पती आहे. तिचे मूळ आडवे कापले की एकात एक अशी वर्तुळे दिसतात. तिच्याच कुळातल्या, श्रीलंकेत मधुमेहावर वापरल्या जाणाऱ्या सॅलेशिया रेटिक्युलाटातून क्योतोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये सॅलॅसिनॉल हा रेणू वेगळा केला आणि पुढे तो सप्तरंगीतही सापडला. ‘यात केमिकल नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या टोपलीतले औषध म्हणजे हेच केमिकल.

भातातला स्टार्च, म्हणजे पिष्ट, ही ग्लुकोजची लांब साखळी असते. लाळेतले आणि स्वादुपिंडातले अमायलेज हे विकर (एन्झाइम) तिचे लहान तुकडे करते. पण आतड्यातून रक्तात जाते ते सुटे ग्लुकोजच, त्यामुळे शेवटचा काप आवश्यक असतो. तो लहान आतड्याच्या रसांकुरांवरची अल्फा-ग्लुकोसिडेज ही विकरे घेतात. बंध तुटताना साखरेच्या कड्यावर क्षणभर धनभार येतो आणि विकराची पोकळी नेमक्या या क्षणिक रूपाला घट्ट धरण्यासाठी घडलेली असते. सॅलॅसिनॉलच्या पंचकोनी कड्यातील गंधकाच्या अणूवर मात्र धनभार कायमचाच असतो. विकर त्याला साखर समजून धरते, पण तोडण्याजोगा बंधच तिथे नसल्यामुळे अडकित्त्यात सुपारीऐवजी खडा अडकावा तशी त्याची गत होते. तेवढ्या काळात पिष्टाचे तुकडे न कापलेलेच पुढे सरकतात, ग्लुकोज सावकाश सुटते आणि जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही. अकार्बोज आणि व्होग्लिबोज या मधुमेहावरच्या गोळ्यांची कार्यपद्धती हीच आहे.

म्हणजे आतड्यात भात किंवा घावन नसेल, तर या गुणाला करण्यासारखे काम उरत नाही. पहाटे यकृत स्वतः जी साखर रक्तात सोडते, तिच्याशी या विकरांचा संबंध नाही. इन्सुलिनची उणीवही याने भरून निघत नाही. शिवाय न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जाते, म्हणून पोट फुगते आणि वात सरतो.

चालू औषधांना जोड म्हणून सप्तरंगी घ्यायची असेल, तर डॉक्टरांना सांगूनच घ्यावी, कारण खोदलेल्या मुळात सॅलॅसिनॉल किती आहे हे बाजारात कोणीही मोजलेले नसते. साखर उतरवणाऱ्या इतर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना साखर फार उतरल्यामुळे घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तर अकार्बोज घेणाऱ्यांना दिली जाणारी सूचना इथेही पाळावी: साखरपाण्यावर विसंबू नये, ग्लुकोजची पावडर द्यावी. साध्या साखरेलाही फोडणारे विकर याच रसांकुरांवर असते आणि तेही अडलेले असू शकते.