समीकरणाआधीचे लंबवर्तुळ

क्ष²/२५ + य²/९ = १ हे समीकरण दिसले की हात आपोआप चालतो. २५ चे वर्गमूळ ५, ९ चे ३. क्ष-अक्षावर ±५, य-अक्षावर ±३, चार बिंदूंतून वक्र फिरवला की लंबवर्तुळ झाले. अर्ध्या मिनिटात उरकणाऱ्या या आलेखामागे जवळपास दोन हजार वर्षे आहेत. एवढा काळ वक्र होता, पण समीकरण नव्हते.

इ.स.पू. चौथ्या शतकात मेनेक्मस हा ग्रीक गणिती शंकुच्छेदांकडे, म्हणजे शंकू सपाट कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांकडे वळला, तो दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढण्याच्या कोड्यापायी. इ.स.पू. २०० च्या सुमारास पर्गाच्या अपोलोनियसने या वक्रांवर आठ खंड लिहिले. लंबवर्तुळाचे ‘इलिप्स’ हे नाव त्याचेच. अर्थ ‘उणे पडणे’. उणे कशात? वक्राचे डावे टोक आरंभबिंदूवर आणले, तर वरचेच समीकरण य² = (१८/५)क्ष − (९/२५)क्ष² असे होते. म्हणजे य बाजूचा चौरस, क्ष आणि १८/५ बाजूंच्या आयतापेक्षा कमी भरतो. अन्वस्त (पॅराबोला) या शंकुच्छेदात तो आयताएवढाच असतो, अपास्तात (हायपरबोला) जास्त. अपोलोनियसने हे सारे चिन्हांशिवाय, चौरस-आयतांच्या भाषेत सांगितले. नावातच समीकरण दडलेले आहे, हे वर्गात सहसा सांगितले जात नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

१६०९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मंगळाची कक्षा लंबवर्तुळ असल्याचे मांडले. वर्तुळावर बेतलेले गणित खगोलनिरीक्षक टायको ब्राहेच्या निरीक्षणांपासून ८ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होते. तेवढ्यासाठी त्याने वर्तुळ सोडले. ही कक्षा कागदावर १०० मिलिमीटर लांब काढली, तर तिची रुंदी सुमारे ९९.६ मिलिमीटर भरते. पेन्सिलीच्या रेघेतच हा फरक बुडतो! केप्लरला हा आकार चित्रात दिसणे शक्यच नव्हते. तो हाती आला वर्षानुवर्षांच्या आकडेमोडीतून, तीही निर्देशक भूमिती, म्हणजे क्ष-य अक्षांवर वक्रांना समीकरणे देणारी भूमिती, जन्मण्याआधी.

ती आली १६३७ मध्ये, देकार्तच्या ‘ला जिओमेत्री’तून. त्याच सुमारास फर्माने दोन चलांची द्विघाती समीकरणे शंकुच्छेद देतात हे स्वतंत्रपणे दाखवले. ते लिखाण मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये छापले गेले. दरम्यान १६५५ मध्ये जॉन वॉलिसने शंकू बाजूला ठेवला आणि लंबवर्तुळाची व्याख्याच समीकरणाने केली. त्याचे समीकरणही वजाबाकीचेच होते, आरंभबिंदू वक्राच्या टोकाशी, अपोलोनियसच्या ‘उणे’सकट. केंद्र मध्यभागी ठेवणारे, आपल्या वहीतले सुटसुटीत रूप त्यानंतर रुळले.