डाग काचेवर की काचेत?

तासगावजवळ द्राक्षबागेच्या कडेला, तीन बाजूंनी पत्रे आणि चौथी बाजू उघडी अशा शेडमध्ये, मामांची जुनी फियाट सात वर्षे उभी होती. बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली की वाऱ्याबरोबर त्याचे तुषार गाडीवर येत, आणि अधूनमधून कुणीतरी बोअरच्या पाण्याने ती धुऊन तशीच उन्हात वाळत ठेवी. गाडी बाहेर काढली तेव्हा समोरची काच पातळ ताकासारखी धुरकट झाली होती, तिच्यावर निळसर ठिपके होते आणि वायपरच्या वाटेवर कमानीसारखे ओरखडे उमटले होते. मामांनी काच बदलायचेच ठरवले होते; मी थोडी मुदत मागून घेतली, कारण हे तीन दोष एकाच काचेवर असले तरी त्यांची जात निराळी होती.

निळसर ठिपक्यांचा उलगडा सोपा होता. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि कळीचा चुना. तुषार वाळल्यावर मागे राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनतो, म्हणजे खडूच, आणि तांब्याचे क्षार त्याला निळी छटा देतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस ठिपक्यावर ठेवला आणि दहा मिनिटांनी उचलला, तर कडेने बारीक बुडबुडे येत होते व कापूस फिकट निळा झाला होता. खडूची कठीणता मोहच्या मापावर ३ आणि काचेची सुमारे साडेपाच असल्यामुळे उरलेला मऊ थर ओल्या फडक्याने पुसला तरी काचेला धक्का लागत नाही. फरशीसाठी मिळणारे ॲसिड हेच काम क्षणात करते, परंतु त्याच्या वाफेने शेजारच्या क्रोमच्या पट्टीला आणि बीडिंगखालच्या पत्र्याला गंज धरतो, म्हणून ते गाडीच्या आसपासही नको.

धुरकटपणा मात्र व्हिनेगरला दाद देईना. आपल्या भागातील भूजल बेसाल्टच्या भेगांतून झिरपत येते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमबरोबर विरघळलेली सिलिकाही, म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्यही, असते. पाणी उडून गेले की ही सिलिका काचेवर राहते, आणि काच स्वतःच सुमारे ७० टक्के सिलिका असल्यामुळे दोघींची जवळीक जमते. त्यावर सौम्य आम्लाचा काही उपाय चालत नाही. याहून वाईट म्हणजे काचेवर दीर्घकाळ थांबलेला थेंब काचेतील सोडियम हळूहळू बाहेर ओढतो, त्यामुळे थेंब अल्कधर्मी होतो, आणि असा अल्कधर्मी थेंब सिलिकाची वीणच उसवू लागतो. मग डाग काचेवर राहत नाही, काचेत उतरतो. आम्ही काच ओली केली तेव्हा ती अगदी स्वच्छ दिसली आणि वाळताच पुन्हा धुरकट झाली. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे माप, १.३३ आणि काचेचा सुमारे १.५२ असल्याने खड्ड्यांत पाणी भरले की प्रकाशाचे विखुरणे बरेच थांबते. वाळल्यावर तिथे हवा येते आणि तो पुन्हा विखुरतो. असा दोष पुसून जात नाही, त्यासाठी पृष्ठभागच किंचित उतरवावा लागतो.

येथे सिरियम ऑक्साइड कामी येते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत सिरियम असते. सिरियम ऑक्साइडची फिकट पिवळसर पूड काचेपेक्षा फारशी कठीण नसते, आणि तरीही तिच्याहून कितीतरी कठीण असलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा ती काच वेगाने उजळवते. कारण तिचे काम नुसते घासण्याचे नाही: पाण्यामुळे काचेचा वरचा थर मऊ पडतो, सिरियमचे कण त्यातील सिलिकाशी क्षणभर बंध जोडतात आणि तिला सोबत घेऊन सुटतात. शास्त्रज्ञांनी याला ‘रासायनिक दात’ असे नाव दिले आहे. पाणी नसेल तर हा दात बोथट होतो, आणि घर्षणाची उष्णताही साचते. लॅमिनेटेड काचेतील (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेल्या काचेतील) साधी काच दोन भागांच्या तापमानात सुमारे ४० अंशांचा फरक पडला तरी तडकू शकते. टफन, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेली, काच सुमारे २०० अंशांपर्यंत तग धरते. मशीनवर फेल्टची चकती लावून एकाच जागी जोर देणाऱ्याने ४० अंशांचा आकडा लक्षात ठेवावा. आम्ही दर मिनिटाला थांबून काचेवर हात ठेवत होतो. कोमट लागली की पाणी मारायचे. धुरकटपणा उतरायला दोन दुपारी गेल्या.

ओरखड्यांची कथा वेगळी. वायपरचे रबर काचेला काही करत नाही. त्याच्याखाली अडकलेली धूळ करते. आपल्याकडची धूळ बेसाल्टची, आणि बेसाल्टमधील फेल्स्पारची कठीणता ६ च्या वर असते, म्हणजे काचेहून जास्त. कराडजवळच्या ओगलेवाडीला बनलेल्या प्रभाकर कंदिलाची काच आजी राखेने घासायची. राख अल्कधर्मी असल्यामुळे तेलकट काजळी झटकन सुटे, परंतु राखेतील सिलिकेचे कण वर्षानुवर्षे काच खरवडत राहिले आणि शेवटी ती आतून उजेड असूनही मंद दिसू लागली. मीही पहिल्या दिवशी फियाटची काच कोरड्या फडक्याने झटकली आणि एक नवा ओरखडा स्वतःच्या हाताने काढला. आधी भरपूर पाणी, मगच फडके, हे मला माहीत नव्हते असे नाही.

ओरखडा किती खोल आहे हे नखाने समजते. नख अडखळले नाही तर सिरियम ऑक्साइडने तो जातो. नख अडखळले तर तो घालवण्यासाठी आजूबाजूची काच इतकी उतरवावी लागते की तिथे उथळ खळगा पडतो, आणि तो कमजोर भिंगासारखा वागतो. गाडीत बसून समोरच्या विटांच्या भिंतीकडे पाहत डोके सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवले की विटांच्या ओळी त्या जागी लाटेसारख्या डुलतात. चालकासमोर असा खळगा ओरखड्यापेक्षाही वाईट.

आतल्या बाजूचा तेलकट पापुद्रा सीटच्या रेक्झिनमधून उडालेल्या द्रव्यांचा होता. भांड्यांच्या साबणाने तो निघाला. वायपरच्या कमानीतले दोन ओरखडे नखाला लागत होते, ते तसेच ठेवले. ते डावीकडे आहेत. रात्री मिरजेच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला की तेवढेच चमकून जातात. वायपरची रबरे मात्र मामांनी त्याच आठवड्यात बदलली.