अणुवीज केंद्रात सुरक्षा यंत्रणेची चाचणी-दुरुस्ती: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

अणुवीज केंद्रातल्या बऱ्याच सुरक्षा यंत्रणा एरवी नुसत्या सज्ज उभ्या असतात. आणीबाणीचा डिझेल जनरेटर असो की अणुभट्टीचा गाभा थंड करणारे राखीव पंप, रोजच्या वीजनिर्मितीत त्यांना काम नसतं. त्यामुळे त्यांच्यातला बिघाड बहुधा चाचणीतच उघड होतो. पण चाचणीसाठी यंत्रणेला हात लावला की तेवढा वेळ संरक्षणाचा एक पदर कमी होऊ शकतो. म्हणून या कामाला रीतसर परवानगी लागते.

कोणती चाचणी किती दिवसांनी करायची, हे केंद्राच्या ‘टेक्निकल स्पेसिफिकेशन’मध्ये लिहिलेलं असतं. नियामक संस्थेने मंजूर केलेला हा दस्तऐवज केंद्रावर बंधनकारक असतो. या दस्तऐवजाच्या अमेरिकी नमुन्यात डिझेल जनरेटर दर 31 दिवसांनी सुरू करून किमान 60 मिनिटं लोडवर (विजेचा भार देऊन) चालवावा लागतो. अडचण आली तर मुदतीच्या 25 टक्के सवलत मिळते, म्हणजे जास्तीत जास्त 38 दिवस 18 तास. ही सवलत अडीअडचणीसाठी आहे. दर महिन्याचं वेळापत्रक तिच्यावर बेतू नये.

कोण पात्र?

प्रत्यक्ष काम त्या उपकरणाचं प्रशिक्षण पूर्ण केलेला तंत्रज्ञच करतो. परवानगी मात्र कंट्रोल रूममधला परवानाधारक शिफ्ट इनचार्ज देतो. अमेरिकेत ऑपरेटरच्या परवान्याची मुदत 6 वर्षं असते, दर 2 वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते आणि सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण व परीक्षा चालूच राहतात.

कोणती कागदपत्रं?

वर्क परमिट, मंजूर कार्यपद्धतीची चालू आवृत्ती (जुनी प्रत खिशात असेल तर काम तिथेच थांबतं), आयसोलेशनची यादी (उपकरण वेगळं काढायला कोणते व्हॉल्व्ह नि स्विच बंद करायचे ती), मोजमापाच्या उपकरणांचे मुदतीतले कॅलिब्रेशनचे (अचूकता पडताळल्याचे) दाखले आणि बदलायच्या सुट्या भागांची प्रमाणपत्रं. किरणोत्सर्गी भागात जायचं असेल तर वेगळं रेडिएशन परमिट आणि डोसिमीटर (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारं उपकरण). शिवाय निकालाचा तक्ता. स्वीकारार्ह मर्यादा त्यात आधीच छापलेल्या असतात. आकडा बघून मर्यादा ठरवायची सोय ठेवलेली नसते.

मंजुरी आणि प्रत्यक्ष काम

सही करण्याआधी शिफ्ट इनचार्ज एक गोष्ट हमखास बघतो: जोडीची दुसरी यंत्रणा धडधाकट आहे का? ती आधीच दुरुस्तीला काढलेली असेल तर अर्ज मागे जातो. तीनपैकी दोन चॅनेलनी (मोजमाप करून इशारा देणाऱ्या स्वतंत्र साखळ्यांनी) इशारा दिला की भट्टी बंद, अशी रचना असेल तर तपासायचं चॅनेल साधारणपणे ‘ट्रिप’ स्थितीत, म्हणजे त्याने इशारा दिलाच आहे अशा अवस्थेत, ठेवतात. मग उरलेल्या दोनपैकी एकाचा इशाराही पुरतो आणि चाचणीच्या काळात संरक्षण ढिलं पडत नाही.

नोंद घ्यायची ती यंत्रणा सापडली तशा अवस्थेची. व्हॉल्व्ह किती सेकंदांत बंद होतो हे मोजायचं असेल, तर मोजण्याआधी त्याला ग्रीस लावणं किंवा तो एकदा फिरवून मोकळा करणं चालत नाही. तसं केलं तर तो गरजेच्या क्षणी कसा वागला असता, हे कधीच कळत नाही.

माझ्या मते सगळ्या कागदांत मोलाचं पान शेवटचं: यंत्रणा पूर्ववत केल्याचं. प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक स्विच मूळ जागी आला का, हे एक जण तपासून सही करतो. मग दुसरा स्वतंत्रपणे, पहिल्याच्या सोबत न जाता, तेच पुन्हा तपासतो. 28 मार्च 1979 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत आणीबाणीचे फीडवॉटर पंप (वाफ तयार करणाऱ्या भागाला पाणी पुरवणारे) वेळेवर सुरू झाले, पण त्यांच्या वाटेवरचे दोन व्हॉल्व्ह बंद होते. त्या यंत्रणेची चाचणी दोनच दिवसांपूर्वी झाली होती. व्हॉल्व्हच्या स्थितीचा एक दिवा देखभालीच्या टॅगखाली झाकला गेला होता, आणि व्हॉल्व्ह बंद आहेत हे लक्षात यायला सुमारे 8 मिनिटं गेली. अपघाताचं मुख्य कारण उघडा अडकलेला रिलीफ (जादा दाब सोडणारा) व्हॉल्व्ह होता, हे खरं. तरी काम संपल्यावर टॅग काढून मोजून परत करायची शिस्त इतकी कडक का, हे यावरून समजावं.

चाचणी नापास झाली तर

यंत्रणा ‘अकार्यक्षम’ जाहीर होते आणि त्या क्षणापासून मुदत मोजली जाते. अमेरिकी नमुन्यात एका डिझेल जनरेटरसाठी ती 72 तास आहे. त्यातही बाहेरून येणारा वीजपुरवठा शाबूत असल्याची खात्री पहिल्या तासात, आणि दुसऱ्या जनरेटरला हाच दोष नाही ना, याची 24 तासांत करावी लागते. 72 तासांत दुरुस्ती झाली नाही तर भट्टी 6 तासांत बंद आणि 36 तासांत थंड अवस्थेत आणायची. दुरुस्ती झालीच, तर चाचणी पुन्हा होते. ती उत्तीर्ण होऊन शिफ्ट इनचार्जची सही लॉगबुकात पडली की मुदतीची मोजणी थांबते.