नायट्रस ड्रॅग इंजिनाचे इग्निशन टायमिंग

नायट्रस ऑक्साइडची फवारणी घेणाऱ्या ड्रॅग शर्यतीच्या (सरळ, छोट्या पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीच्या) इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडावी हे ठरवून तशी जुळणी करण्याची कृती. ही वेळ क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, अंशांत मोजतात. पिस्टन सिलिंडरात सर्वांत वर पोचतो त्या स्थानाला टीडीसी म्हणतात. टायमिंग ३६ अंश असेल, तर त्या स्थानाला पोचायला क्रँकशाफ्टचे ३६ अंश बाकी असतानाच ठिणगी पडते. ठिणगी आणखी आधी आणणे म्हणजे ॲडव्हान्स आणि उशिरा नेणे म्हणजे रिटार्ड. नायट्रसच्या इंजिनात बहुतेक काम रिटार्डचे असते.

ठिणगी आधी पाडावी लागते, कारण मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून ज्वलनकक्षभर पसरते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्टला एक अंश फिरायला सेकंदाचा ३६,०००वा भाग लागतो. तेवढ्या घाईत ज्वलन असे उरकायला हवे की सर्वाधिक दाब टीडीसी ओलांडल्यावर साधारण १५ अंशांच्या आसपास यावा. त्या जागी क्रँकला चांगली तरफ मिळते आणि दाबाचे रूपांतर फिरवणाऱ्या जोरात होते. जुळवायचा असतो तो हा बिंदू. ठिणगी आपल्या हातात असते, म्हणून फिरवायची तिला.

नायट्रस या हिशेबात दोन बाजूंनी ढवळाढवळ करतो. त्याच्या वजनातील सुमारे ३६ टक्के भाग ऑक्सिजनचा असतो, तर हवेत तो सुमारे २३ टक्केच. बाटलीतला द्रव नायट्रस बाहेर पडताच उकळतो (साध्या वातावरणीय दाबाला त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सियस आहे), आत येणारी हवा गार करतो आणि तिची घनता वाढवतो. कक्षात तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले की रेणू फुटून ऑक्सिजन मोकळा होतो आणि वर थोडी उष्णताही सुटते. जोडीला जादा पेट्रोल दिलेले असतेच. परिणामी ज्योत पुष्कळ वेगाने धावते. टायमिंग जुनेच ठेवले, तर सर्वाधिक दाब टीडीसीच्या फार जवळ येतो. वर चढणाऱ्या पिस्टनशीच ज्वलनाची टक्कर होते, कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि नॉकिंग सुरू होते. साध्या इंजिनात नॉकिंग कानाला ऐकू येते. ड्रॅगच्या गाडीत उघड्या एक्झॉस्टच्या गर्जनेत ते ऐकू येत नाही. पिस्टनच्या कडा तुटल्या किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांवरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधला सीलबंद थर) फुटले की मगच कळते.

या क्षेत्रात सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा असा: नायट्रसने वाढवलेल्या दर ५० अश्वशक्तीमागे २ अंश रिटार्ड. नायट्रसविना ३६ अंशांवर चालणाऱ्या व्ही-८ इंजिनाला २०० अश्वशक्तीचा संच बसवला, तर सुरुवात २८ अंशांवर होते. ठोकताळा सुरुवातीपुरता चांगला, पण त्याला नियम मानण्यात चूक आहे. आधुनिक, लहान आणि झपाट्याने जळणाऱ्या कक्षाच्या हेडला मुळातच २८ ते ३० अंश पुरतात. जुन्या घुमटाकार पिस्टनच्या इंजिनात ज्योतीला लांबचा वळसा घालावा लागतो. दोघांना एकच वजाबाकी लागू पडत नाही. पेट्रोलचे ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता), कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते) आणि मिश्रण किती श्रीमंत, म्हणजे पेट्रोलने किती भरलेले आहे, यांनीही आकडा हलतो.

रिटार्ड जितका जास्त तितके इंजिन सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे. ठिणगी फार उशिरा पडली, तर ज्वलन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत रेंगाळते. ताकद घटते, उष्णता एक्झॉस्टकडे जाते, पाइप लाल होतात आणि व्हॉल्व्ह जळतात.

जुळणीच्या आधी खुणा खऱ्या आहेत का ते पाहावे लागते. क्रँकच्या पुढच्या टोकावरील बॅलन्सरचे (कंपने शोषणाऱ्या चाकाचे) बाहेरचे कडे रबरावर बसवलेले असेल, तर कालांतराने सरकते आणि त्यावरची टीडीसीची खूण खोटी ठरते. म्हणून प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा थांबा लावून खरे टीडीसी शोधतात. वेगानुसार ॲडव्हान्स करणारी डिस्ट्रिब्यूटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) वजने व स्प्रिंगा कुलूपबंद करतात, किंवा क्रँकची स्थिती थेट ओळखणारा क्रँक ट्रिगर बसवतात. ठिणगीच्या क्षणी चमकणाऱ्या टायमिंग लाइटने तपासणी उच्च वेगाला करावी. इग्निशन बॉक्सच्या विद्युत विलंबामुळे आयडलला (गाडी उभी असताना इंजिनाच्या मंद वेगाला) दिसणारा आकडा शर्यतीच्या वेगाला खाली सरकलेला असू शकतो. नायट्रस टप्प्याटप्प्याने येत असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेगळा रिटार्ड लागतो. तो सोलेनॉइड (नायट्रस सोडणारी विजेवर चालणारी झडप) उघडतानाच लागू व्हावा आणि सोलेनॉइड बंद झाल्यावर नळीत उरलेला वायू संपेपर्यंत टिकावा. हा शेवटचा भाग अनेक जण विसरतात.

खरा निकाल प्लगवर दिसतो. नायट्रससाठी नेहमीपेक्षा एक-दोन श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, प्लग वापरतात. नवे प्लग लावून पूर्ण धाव घ्यायची, शेवटच्या रेषेवर इंजिन बंद करायचे आणि गाडी ओढून परत आणायची. इंजिन चालवत आणले तर धावेच्या खुणा पुसट होतात. मग भिंगाखाली प्लगच्या बाहेरच्या वाकलेल्या पट्टीवर उष्णतेने बदललेल्या रंगाची सीमा पाहायची. टायमिंग वाढत जाते तशी ती टोकाकडून पट्टीच्या मुळाकडे सरकते. ती वळणाच्या आसपास असली, तर बरेच ट्यूनर समाधानी असतात. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर नॉकिंग सुरू झाले आहे. चकचकीत रुपेरी कण म्हणजे पिस्टनचे ॲल्युमिनियम. असे कण दिसले की पुढची धाव रद्द. एका प्लगवरून मात्र निष्कर्ष काढू नये. आठही सिलिंडरांना सारखे मिश्रण क्वचितच मिळते, आणि सर्वांत त्रासलेल्या सिलिंडराला सोसवेल तेवढेच टायमिंग साऱ्यांना द्यावे लागते. सिलिंडरनिहाय टायमिंग देणाऱ्या इग्निशनमध्ये ही अडचण सुटते.

वाढ एकेका अंशाने करतात आणि प्रत्येक धावेनंतर पाव मैलाच्या शेवटी मिळालेला वेग पाहतात. एकूण वेळेवर सुरुवातीच्या पकडीचा फार परिणाम होतो. इंजिनाच्या ताकदीचा अंदाज शेवटच्या वेगावरून अधिक नीट येतो. अंश वाढवूनही वेग वाढला नाही, तर एक अंश मागे येऊन थांबायचे. या चाचण्यांत बाटलीचा दाब तोच राहायला हवा, बहुधा ९०० ते १,००० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) दरम्यान. दाब वाढला की नायट्रस जास्त येतो, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. अशा कोरड्या पडलेल्या मिश्रणाच्या प्लगवरच्या खुणा जादा टायमिंगच्या खुणांसारख्याच भासतात, आणि ट्यूनर नको तिथे ठिणगी मागे ओढू लागतो.